पेन्शनचा पैसा राज्याच्या तिजोरीत कशाला?

राजस्थान आणि छत्तीसगडने २०२२ मध्ये जुनी पेन्शन परत आणली. मग केंद्राकडे मागणी गेली: एनपीएसमध्ये साठलेले आमच्या कर्मचाऱ्यांचे पैसे आम्हाला परत द्या. केंद्र म्हणालं, पीएफआरडीए कायदा २०१३ मध्ये तशी तरतूदच नाही. मी जुन्या पेन्शनच्या बाजूचा आहे, तरी हा नकार मला बरोबर वाटतो.

या रकमेत कर्मचाऱ्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याचे १० टक्के असतात. त्यावर सरकारचा वाटा, केंद्रात तो २०१९ पासून १४ टक्के आहे. पैसा प्रत्येकाच्या प्रान क्रमांकावर, एनपीएस ट्रस्टच्या देखरेखीखाली राहतो. तो कशाला वापरायचा तेही ठरलेलं आहे. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी ६० टक्क्यांपर्यंत रोख मिळते, उरलेल्यातून दरमहा पेन्शन. मधल्या काळात मुलांचं शिक्षण, लग्न, घर, गंभीर आजार अशा कारणांसाठी स्वतः भरलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत काढता येते. राज्याची तूट भरणं त्या यादीत नाही. आपल्या घरांत अशा पैशाला अमानत म्हणतात.

मग राज्यांना तो का हवा होता? जुन्या पद्धतीत जीपीएफची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा होते आणि सरकार ती व्याज देऊन खर्चाला वापरू शकतं. एनपीएसचा पैसा तिथे आला, की यंदाचं बजेट सैल होतं. पेन्शनचं बिल वीस वर्षांनी येईल, तेव्हा खुर्चीत दुसरंच कोणी असेल. (सॉफ्टवेअरमध्ये आम्हीही असंच करतो, आजचं काम उद्याच्या टीमच्या माथी.)

पण ट्रस्टच्या नावावर पैसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उत्तर प्रदेशच्या वीज कर्मचाऱ्यांचे भविष्य निर्वाह निधीचे चार हजार कोटींहून जास्त रुपये त्यांच्याच ट्रस्टने डीएचएफएल या खासगी गृहकर्ज कंपनीत ठेवले. २०१९ मध्ये कंपनी बुडीत निघाली तेव्हा दोन हजार कोटींहून जास्त अडकले होते. कर्मचारी रस्त्यावर आले, चौकशीही सुरू झाली.

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा गावोगावी ऐकू आली. मागणी रास्तच होती. तिच्यासोबत आणखी एक मागणी जायला हवी होती: पेन्शन कोणतीही द्या, जमा झालेल्या पैशाला सरकारचा हात लागणार नाही हे कायद्यात लिहून द्या. संघटनांनी यावर पुरेसा जोर दिला नाही, असं माझं मत आहे.

तुमच्यापैकी अनेक जण पोलीस भरती, तलाठी, शिक्षक भरतीच्या तयारीत आहेत. नोकरी लागली, की पगाराच्या स्लिपवरची कपात आणि प्रान खात्यावरचा जमा आकडा दोन्ही समोर ठेवून पाहा. कपात झाली आणि खात्यावर दिसत नसेल, तर मधल्या दिवसांची वाढ तुमचीच बुडते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.