नातवंडांचा आठवडा आणि आपले औषधपाणी



‘कॉलेज तरी असते किती वेळ? सकाळचे चार तास. पुढे दिवस मोकळाच!’ हे उद्गार तपासणीच्या खोलीत मी वारंवार ऐकतो. बोलणारे आजोबा किंवा आजी असतात, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालते तो नातू शिरूरला, बारामतीला किंवा पुण्यात शिकत असतो. याच्या उलट वाक्यही तितकेच कानी पडते : ‘त्याची परीक्षा चालू आहे, म्हणून त्याला काही कळवले नाही.’ पहिल्या वाक्यातून घरात रुसवा येतो, दुसऱ्यातून दुखणे अंगावर काढले जाते. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : विद्यार्थ्याचा आठवडा नेमका कसा जातो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे आपल्याला वाटेल. अनेक घरांत मुलगा आणि सून शेतात किंवा कारखान्यात गुंतलेली असतात. मग औषधांची चिठ्ठी वाचणे, रक्ताचा अहवाल मोबाइलवर पाहणे, मोटारसायकलवरून दवाखान्यात नेणे ही कामे शिकणाऱ्या नातवंडांवर येतात. शुश्रूषेचा भार ज्याच्यावर आहे, त्याच्या हाती वेळ किती हे ठाऊक असणे हा उपचाराचाच भाग आहे.

घोड नदीकाठच्या इनामगावातील ज्येष्ठांना हे समजणे इतरांपेक्षा सोपे जावे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या संशोधकांच्या कामातून ताम्रपाषाणयुगातील १३० हून अधिक घरांचे अवशेष उजेडात आले. आज सत्तरीत असलेल्या अनेकांना ती खोदाईची वर्षे आठवत असतील. उत्खनन १९८३ मध्ये थांबले. त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला तो १९८८ मध्ये. टेकाडावर दिसणारे काम संपल्यावर खापरे जुळवणे, हाडे तपासणे, नकाशे काढणे आणि लिहिणे हे न दिसणारे काम पाच वर्षे चालले. शिक्षणाचेही असेच असते. वर्गातले तास सर्वांना दिसतात; वर्गाबाहेरचे दिसत नाहीत.

आता थोडा हिशोब करू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे शिक्षण श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये मोजले जाते. एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात आणि अध्यापनाचे आठवडे सुमारे १५. व्याख्यानाच्या एका श्रेयांकासाठी आठवड्याला एक तास लागतो, तर प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी दोन. समजा, दोन बहिणींचे प्रत्येकी २० श्रेयांक आहेत. एकीची सर्व व्याख्यानेच असतील, तर ती आठवड्यात २० तास वर्गात बसेल. दुसरीचे १२ श्रेयांक व्याख्यानांचे आणि ८ प्रात्यक्षिकांचे असतील, तर तिचे २८ तास होतील. म्हणून कला शाखेतली मुलगी दुपारी घरी दिसते आणि विज्ञान शाखेतली दिवस मावळताना परतते.

पण म्हणून पहिली रिकामी आहे असे नव्हे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे अभ्यासाचे एकूण ३० तास धरले आहेत. त्यात वाचन, टिपणे आणि प्रकल्पही आले. २० श्रेयांकांचे ६०० तास १५ आठवड्यांत वाटले, तर दर आठवड्याला ४० तास भरतात. दुपारी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली नात बहुधा या चाळिसातलेच तास भरत असते.

काही अभ्यासक्रमांची तऱ्हा आणखी निराळी आहे. वैद्यकीय आणि परिचर्या शाखेच्या विद्यार्थ्यांना वर्गाबरोबर रुग्णालयातील कामही असते, आणि तेथे रात्रपाळीही येऊ शकते. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी मुले कार्यानुभवासाठी गावोगावी राहतात. जी मुले ‘कमवा व शिका’ योजनेत काम करतात, त्यांचे ते तास वेळापत्रकाच्या कागदावर नसतातच. त्यात गाव ते कॉलेज हा एसटीचा प्रवास मिळवला, म्हणजे दिवसाचा हिशोब पुरा होतो.

शिवाय सर्व आठवडे सारखे नसतात. सत्राच्या आरंभी सवड असते. अंतर्गत चाचण्या, प्रकल्प आणि तोंडी परीक्षा जवळ आल्या की तोच विद्यार्थी रात्री जागू लागतो. जूनमध्ये दर मंगळवारी मोकळा असलेला नातू ऑक्टोबरात मंगळवारी सापडणार नाही. त्यात त्याची अनास्था नाही.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे.

प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला नातवंडाकडून वेळापत्रक मागून घ्या आणि भिंतीवर, कॅलेंडरशेजारी लावा. चाचण्यांच्या आणि परीक्षेच्या तारखा त्यात ठळक करून घ्या. त्या आठवड्यांपूर्वीच रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या आणून ठेवा. ‘गोळ्या संपल्या, आता तो रविवारी येईल तेव्हा आणील’ असे म्हणत चार दिवस औषध बंद ठेवणे धोक्याचे आहे.

थांबू शकणाऱ्या गोष्टी सुट्टीला जोडा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेहींची वर्षातून एकदा करायची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, दातांची कामे यांसाठी दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी बरी. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीला उपाशीपोटी जावे लागत नाही; ती शनिवारी दुपारीही करता येते. त्यासाठी कोणाची सकाळची प्रात्यक्षिके बुडवू नका. विद्यार्थ्याला ठरावीक उपस्थिती भरावी लागते, आणि ती नसेल तर परीक्षेला बसणे अडू शकते.

मात्र काही गोष्टी कोणत्याही वेळापत्रकासाठी थांबत नाहीत. छातीत दाटून दुखणे, दम लागून घाम फुटणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, हात किंवा पाय एकाएकी लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच क्षणी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. नातवाचा पेपर सुटेपर्यंत वाट पाहण्यात हाच काळ निघून जातो. ज्या दिवशी तो नाही, त्या दिवशी कोण धावून येईल, त्या शेजाऱ्याचे नाव आणि क्रमांक वेळापत्रकाखालीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आणि आजार लपवू नका. परीक्षेच्या दिवसांत मुलाला त्रास नको, ही माया मी समजू शकतो. पण नंतर कळल्यावर त्याला जो अपराधीपणा वाटतो, तो एका फोनपेक्षा कितीतरी जड असतो. संध्याकाळी, तास संपल्यावर, शांतपणे सांगा : काय होते आहे, डॉक्टर काय म्हणाले, आणि त्याने येण्याची गरज आहे किंवा नाही.

शेवटी त्या मुलांकडेही थोडे पाहा. परीक्षा सरल्यावरही झोप न येणे, जेवण तुटणे, कोणाशी न बोलणे, ‘जगण्यात अर्थ नाही’ अशी भाषा तोंडी येणे, ही लक्षणे आळसाची नव्हेत. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. मात्र बोलण्यात स्वतःला इजा करण्याचा सूर असेल, तर मुलाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. असा बदल पुष्कळदा आईवडिलांआधी आजीच्या नजरेला पडतो.

येत्या रविवारी नातवंड घरी आले, की ‘तुला वेळच नसतो’ असे म्हणण्याऐवजी ‘तुझा आठवडा मला लिहून दे’ असे म्हणून पाहा. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला आपल्या औषधांच्या वेळा त्याच्याकडून लिहून घ्या, आणि दोन्ही बाजूंची एक प्रत त्याच्याजवळही राहू द्या.