चित्र कोणाचे?

ढोकीजवळच्या तेर येथील लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती जतन केलेल्या आहेत. त्या घडविणाऱ्यांची नावे काळाने पुसली. आजच्या चित्रकाराचे नाव पुसण्यास मात्र काळाची वाट पाहावी लागत नाही. संगणकावर परिश्रमाने रेखाटलेले गणपतीचे चित्र कोणी इंटरनेटवरून उचलतो, कोपऱ्यातील सही कापतो आणि उत्सवाच्या फलकावर छापतो. मूळ चित्र जागच्या जागीच आहे, मग ही चोरी कसली, असे तो वर विचारतो! हा युक्तिवाद फोल होय. चित्र राहते खरे. परंतु चित्रकाराचा मोबदला आणि श्रेय ही दोन्ही जातात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये चित्र निर्माण होताच त्यावरील हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. सामान्यतः तो चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क विकला, तरी कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार उरतोच. स्वतःच्या अभ्यासापुरत्या रास्त वापरास कायद्याची आडकाठी नाही. फलक छापणे म्हणजे काही अभ्यास नव्हे.

चित्रकारानेही सावध असावे. लहान आकाराचीच प्रत प्रसृत करावी आणि सही कडेला न ठेवता चित्रातच गुंफावी. एवढ्याने चोरी थांबेलच असे नाही. म्हणून मूळ प्रत व कच्ची रेखाटने जपून ठेवावीत. वाद उद्भवल्यास तीच पुरावा म्हणून पुढे करता येतात.