सरोगसी : परदेशी दांपत्ये गेली, प्रश्न उरले

समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा मराठी चित्रपट आला, तेव्हा परदेशी दांपत्यांना भारतात सरोगसीची दारे उघडी होती. परदेशातून आलेली बाई आणि तिचे मूल नऊ महिने पोटात वाढवणारी इथली गरीब बाई, ही गोष्ट पडद्यापुरती नव्हती. दुधासाठी प्रसिद्ध असलेल्या गुजरातच्या आणंदचे नाव सरोगसीमुळे जगभर पोहोचले होते. 2008 मध्ये तिथे एका जपानी दांपत्यासाठी जन्मलेल्या मुलीच्या बाबतीत, तिच्या जन्माआधीच ते दोघे विभक्त झाले. मुलीची कागदपत्रे अडली आणि जपानहून आलेल्या आजीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

2015 च्या नेपाळ भूकंपानंतर इस्रायलने सरोगसीतून जन्मलेली बाळे विमानाने मायदेशी नेली. त्यांपैकी अनेक बाळांना जन्म देणाऱ्या स्त्रिया भारतातून तिथे नेलेल्या होत्या. बाळांची बातमी जगभर झाली, बाळंतिणींची फारशी नाही. त्याच वर्षी भारताने परदेशी नागरिकांना सरोगसी बंद केली. 25 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या कायद्याने पैसे देऊन होणारी सरोगसीही गुन्हा ठरवली. दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. इटलीने तर 2024 मध्ये परदेशात जाऊन सरोगसी करणाऱ्या आपल्या नागरिकांनाही गुन्हेगार ठरवले.

बंदी आवश्यक होती. मूल होत नसलेल्या दांपत्याचे दुःख खरे आहे, पण त्यावरचा उपाय दुसऱ्या बाईच्या गरिबीवर उभा राहू नये. श्रीरामपूर, नेवासे परिसरात ऊसतोडीला येणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. त्या कागदांवरही सह्या होत्याच. डोक्यावर उचल असलेल्या बाईच्या होकाराला संमती म्हणायचे, तर त्या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही.

मात्र आताच्या कायद्यातही एक पेच आहे. सरोगेट आई 25 ते 35 वर्षांची, विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली आणि स्वतःचे मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच, आणि तेही उपचाराचा खर्च व 36 महिन्यांचा विमा सोडून विनामोबदला. डॉक्टरला फी, प्रयोगशाळेला पैसे, वकिलालाही पैसे. संप्रेरकांची इंजेक्शने, गर्भारपण आणि कदाचित सिझर सोसणारीला मात्र काही नाही. मग अशी बाई मिळणार कुठे? बहुतेक वेळा घरातच. धाकट्या जावेला किंवा नणंदेला सासूने विचारले, तर ‘नाही’ म्हणण्याची सोय किती घरांत असते? पैशाचा दबाव गेला, पण नात्याचा दबाव मोजण्याचे साधन कायद्याकडे नाही. शिवाय हातउसने किंवा भेट म्हणून पैसे पडद्याआड दिले, तर ते शोधायचे कोणी?

कागदोपत्री मार्ग आहे. दांपत्याला जिल्हा वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि बाळाच्या पालकत्वाचा आदेश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून घ्यावा लागतो. याच टप्प्यांवर त्या बाईशी एकटीशी बोलले गेले पाहिजे. नवरा, सासू आणि दांपत्य दाराबाहेर. तिचा डॉक्टर दांपत्याच्या डॉक्टरपेक्षा वेगळा हवा. भ्रूण रोवण्यापूर्वी माघार घेण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे, तो तिला मराठीत आणि तोंडी सांगितला गेला पाहिजे. आणि बाळ दिल्यानंतर तिची प्रकृती व तिचे मन कसे आहे, हे विचारायला तीन वर्षांच्या विम्याच्या कागदाखेरीज कोणीतरी माणूस हवा.