वाढत्या अंगाचा शिनगार्ड नको

आपल्या घरांत मुलांचं बरंचसं सामान वाढत्या अंगाचं घेतलं जातं. जूनमध्ये गणवेश घेताना बाही दोन बोटं लांब, पँटला आतून दुमडलेली पट्टी, बूट एक नंबर मोठा आणि त्याच्या टोकात कापसाचा बोळा. जपून पैसा खर्च करणाऱ्या घराचं हे शहाणपण आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण एका वस्तूच्या बाबतीत हे शहाणपण अंगाशी येतं. ती वस्तू म्हणजे फुटबॉल किंवा हॉकी खेळताना नडगीवर बांधायचा शिनगार्ड. मुलं त्याला नुसतं ‘पॅड’ म्हणतात.

मुळशी तालुक्यात खेळाचं वातावरण आता बदललं आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं, ते आपल्या दारातच आहे. पिंपरीच्या नेहरूनगरात मेजर ध्यानचंद हॉकी मैदान आहे. हिंजवडी, माण, बावधन, भूगाव, पिरंगुट या भागांत भाड्याने मिळणारी टर्फ मैदानं झाली. आपल्या वस्त्यांतली मुलं, आणि आता मुलीही, संध्याकाळी तिथे दिसतात. शालेय स्पर्धांत, सुब्रतो चषकाच्या सामन्यांत त्यांची नावं येतात. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र आईवडील खरेदीला निघतात तेव्हा यादीत आधी बूट असतात, मग जर्सी, मग स्टिक. शिनगार्ड सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत, आणि तोही मोठ्या मापाचा, ‘दोन-तीन वर्षं चालेल’ म्हणून. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा करायला हवा. आणि माप आजच्या पायाचंच घ्यायला हवं.

कारण पायाच्या रचनेत आहे. मांडीच्या हाडाभोवती मांसाचा जाड थर असतो. नडगीच्या हाडाची पुढची कड मात्र कातडीच्या लगेच खाली असते. बोट फिरवून पाहा, हाड लगेच लागतं. म्हणून तिथे लागलेला फटका थेट हाडाला बसतो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नडगीचा खालचा भाग तर आणखी नाजूक. तिथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे मोडलेलं हाड जुळायलाही वेळ लागतो. आता हॉकीचा चेंडू घ्या. त्याचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या चेंडूइतकं, आणि तो घट्ट असतो. क्रिकेटमध्ये अशा चेंडूपुढे उभं राहताना आपण पॅडशिवाय मुलाला पाठवत नाही. हॉकीत तोच भार जमिनीलगत, नडगीच्या उंचीवरून येतो, वर समोरच्याची स्टिकही असते.

नडगी झाकायची कल्पना क्रिकेटच्या पॅडवरूनच आली. १८७४ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघातल्या सॅम विडोसन या खेळाडूने क्रिकेटचे पॅड कापून लहान केले आणि मोज्यांवरून बांधले. आज फुटबॉलच्या नियमांत शिनगार्ड सक्तीचा आहे आणि तो मोज्याखाली झाकलेला असावा लागतो. त्याचं माप योग्य आहे की नाही, ही जबाबदारी २०२४-२५ पासून नियमानेच खेळाडूवर टाकली आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही जबाबदारी अर्थातच आपली, पालकांची आणि प्रशिक्षकाची. मैदानी हॉकीत इतर खेळाडूंना नडगी, घोटा आणि दात झाकण्याची शिफारस आहे, सक्ती नाही. माझ्या मते लहान मुलांच्या बाबतीत प्रत्येक शाळेने आणि मंडळाने ती सक्ती स्वतःहून करावी.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा, मूल कोणता खेळ खेळतं. फुटबॉलचा शिनगार्ड हलका असतो, मोज्याच्या आत बसतो. मैदानी हॉकीचा जाड आणि लांब असतो, पट्ट्यांनी बांधतात, आणि बऱ्याच प्रकारांत घोटाही झाकला जातो. तिसरा प्रकार बर्फावरच्या हॉकीचा. लडाखच्या मुली तो खेळ खेळतात. उसन्या साहित्यावर सुरुवात केलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. त्यांचा शिनगार्ड गुडघ्याची वाटीही झाकतो आणि खाली स्केटच्या बुटापर्यंत येतो. त्याचं माप वाटीच्या मध्यापासून बुटाच्या वरच्या कडेपर्यंत, इंचांत घेतात. हे सांगण्याचं कारण असं की मोबाईलवर ‘हॉकी शिनगार्ड’ शोधलं की अनेकदा हाच प्रकार पुढे येतो. चित्र भारी दिसतं, माप इंचांत असतं, आणि घरी आल्यावर कळतं की तो घालून मातीवर धड धावताही येत नाही. गुडघ्याची वाटी झाकणारा शिनगार्ड दिसला तर तो आपल्या मैदानासाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता माप. वयाच्या लेबलवर जाऊ नका. ‘८ ते १० वर्षं’ असं लिहिलेलं असलं तरी एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या पायांत तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो. शिवणकामाची टेप घ्या. मुलाला खुर्चीवर बसवा, पाय गुडघ्यात वाकलेला, खेळायचे बूट-मोजे पायात. वाटीच्या खालच्या कडेपासून पाऊल जिथे पुढून वाकतं त्या घडीपर्यंत मोजा. फुटबॉलसाठी त्यातून वरचे ५ आणि खालचे अडीच सेंटिमीटर वजा करा. माप ३० आलं तर साधारण साडेबावीस सेंटिमीटर लांबीचा शिनगार्ड हवा. हॉकीचा घोट्यापर्यंत जात असल्याने खालचे वजा करायचे नाहीत, वरचे मात्र सोडायचेच. दोन्ही पाय मोजा आणि आकडा कागदावर लिहून दुकानात न्या. प्रत्येक कंपनीचं ‘स्मॉल’, ‘मीडियम’ वेगळं असतं, सेंटिमीटर मात्र सगळीकडे सारखाच.

शक्य असेल तर मुलाला सोबत न्या आणि बांधून पाहा. उकिडवं बसायला सांगा. वरची कड गुडघ्याला टोचली तर शिनगार्ड लांब आहे. पाऊल वर-खाली हलवायला सांगा, खालची कड घोट्याच्या पुढे रुतली तरीही लांबच. दहा पावलं पळवा आणि पाहा, मधला उंचवटा नडगीच्या कडेवरच राहिला की पोटरीकडे फिरला? फिरला तर तो रुंद आहे किंवा पट्टी ढिली आहे. पट्टीखाली एक बोट जाईल इतपत घट्ट हवी. बोटांना मुंग्या आल्या तर फार आवळली आहे. आत फोमचा थर हवा, कारण नुसतं प्लास्टिक फटका हाडापर्यंत पोचवतं.

मोठ्या मापाचा शिनगार्ड ‘थोडा सैल’ एवढ्यावर थांबत नाही. तो पळताना फिरतो आणि नेमकी नडगीची कड उघडी पडते. गुडघ्याला टोचतो, म्हणून मूल वाकून खेळणं टाळतं. आणि शेवटी कंटाळून ते काढून पिशवीत टाकतं. वाचवलेले पैसे पिशवीतच राहतात. हिशेबही पाहा. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, त्यातला नडगीचा वाटा दीड-दोन सेंटिमीटरचा. म्हणजे आज बरोबर बसणारा शिनगार्ड वर्षभर तरी चालतोच. एखादा सेंटिमीटर जास्त घ्यायला हरकत नाही. चार सेंटिमीटर जास्त घेतला तर पहिली दोन वर्षं तो निकामी, आणि मग जेव्हा मापाचा होतो तेव्हा फोम बसलेला आणि पट्टी गेलेली असते.

घरगुती उपायांबद्दलही सांगायला हवं. पत्र्याचा तुकडा, चिरलेला पाइप, पुठ्ठा असलं काही मोज्यात घालू नका. पत्रा आणि पाइपची कड स्वतःच जखम करते, समोरच्या मुलालाही कापते. पुठ्ठा घामाने मऊ पडतो. शिनगार्ड नसेल त्या दिवशी मुलाने धावण्याचा, पास देण्याचा सराव करावा. चेंडू हिसकावण्याच्या खेळात उतरू नये.

शिनगार्ड सगळं वाचवतो असंही नाही. खरचटणं, कापणं, काळं-निळं पडणं तो बरंच कमी करतो, पण जोरदार धडकेत हाड मोडणं तो नेहमीच रोखू शकत नाही. मार लागला तर खेळ थांबवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाय उंच ठेवा. बाम चोळून मालिश करू नका. जखम असेल तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. त्यावर हळद, तंबाखू, चुना लावू नका. धनुर्वाताच्या लसीबद्दल दवाखान्यात विचारा. पायावर भार देता येत नसेल, पाय वाकडा दिसत असेल, पोटरी दगडासारखी घट्ट होऊन दुखणं वाढतच असेल, बोटं बधिर किंवा थंड पडत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, तसंच रुग्णालय गाठा. घट्ट होत जाणारी पोटरी ही काही तासांत पाय गमावण्याची वेळ आणू शकते.

मुळशीच्या पावसाची गोष्ट वेगळीच. ताम्हिणीच्या बाजूला तर चार महिने कपडा वाळत नाही. ओला शिनगार्ड पिशवीत तसाच राहिला की वास येतो, फोमात बुरशी धरते, आणि नडगीवर खाज, पुरळ, नायटा उठतो. खेळून आल्यावर साबणाच्या फडक्याने आतून पुसा, पंख्याखाली उघडा वाळवा. चुलीजवळ ठेवू नका, प्लास्टिक वाकडं होतं. आत पातळ सुती मोजा घातला तर घाम त्यात जिरतो. एकाचा शिनगार्ड दुसऱ्याने घालायचा असेल तर मधे पुसणं आणि पूर्ण वाळवणं हवंच.

मुलींबद्दल मुद्दाम लिहितो. ‘पायावर व्रण पडले तर पुढे कसं व्हायचं’ असं म्हणून किती मुलींचं मैदान बंद झालं, हे प्रत्येक वस्तीला माहीत आहे. व्रणाची काळजी असेल तर त्यावर उपाय म्हणजे शिनगार्ड. मुलीला घरी बसवणं हा उपाय नव्हे.

आता पैशांचा प्रश्न. साध्या फुटबॉलच्या शिनगार्डची जोडी काहीशे रुपयांत येते, हॉकीची त्याहून महाग. रोजंदारीवरच्या घरात दोन मुलं खेळत असतील तर हे ओझंच. म्हणून हा खर्च एकेका आईच्या पदरात टाकू नये. समग्र शिक्षा योजनेत शाळांना क्रीडासाहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते, आणि समितीत निम्म्या महिला असतात. म्हणजे आपले लोक त्या खोलीत बसलेले आहेत. पुढच्या बैठकीत साधा प्रश्न विचारा: चेंडू आला, जाळी आली, वेगवेगळ्या मापांचे शिनगार्ड किती आले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

दुसरं काम वस्तीतच करता येईल. विहारात किंवा मंडळाच्या खोलीत एक पेटी ठेवा. ज्या मुलाला शिनगार्ड लहान झाला त्याने तो धुऊन पेटीत टाकावा आणि मोठ्या मापाचा उचलावा. आतल्या बाजूला पक्क्या शाईने लांबी सेंटिमीटरमध्ये लिहावी. तडा गेलेला, फोम चपटा झालेला, पट्टी न चिकटणारा शिनगार्ड पेटीत ठेवू नये. एखाद्या ताईकडे किंवा दादाकडे वही आणि टेप द्यावी, दर सहा महिन्यांनी सगळ्या मुलांचे पाय मोजावेत. अशा पेटीत कुणाला वाढत्या अंगाचा शिनगार्ड घेण्याची गरजच उरत नाही.

खडकीच्या धनराज पिल्लेची गोष्ट आपण मुलांना सांगतो. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करणारे, घरात पैसा नाही, भावंडं तुटक्या स्टिक बांधून खेळायची, आणि त्यातूनच चार ऑलिंपिक खेळणारा कर्णधार घडला. गोष्ट खरी आहे आणि अभिमानाची आहे. पण तुटक्या स्टिकमुळे तो मोठा झाला असा अर्थ कुणी काढू नये. तो तुटक्या स्टिक असूनही मोठा झाला. तशाच स्टिकने खेळणारी कितीतरी मुलं दुखापतीने किंवा साहित्याअभावी मागे पडली असतील, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. गरिबीला प्रशिक्षण समजायची सवय मोडली पाहिजे. आपल्या मुलाला चिकाटी आपण देऊच, पण नडगीवर मापाचा शिनगार्ड हा त्याचा हक्क आहे, बक्षीस नव्हे.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. घरातली शिवणकामाची टेप काढा, मुलाला खुर्चीवर बसवा आणि त्याचा पाय मोजा. पिशवीतला शिनगार्ड त्या मापाशी लावून पाहा. पुढची खरेदी त्या आकड्यावरून ठरवा.