वीतभर नळी

तुळशीच्या लग्नाची चाहूल लागली, की आमच्या माळीवाड्यात लग्नाच्या बँडच्या तालमी सुरू होतात. गाव कागदोपत्री अहिल्यानगर झाले, तरी तालमीच्या गोंगाटात ते अजून नगरच असते!

गेल्या वर्षी त्या घोळक्यात माझ्या वर्गातला एक मुलगा युफोनियम फुंकताना दिसला. युफोनियम म्हणजे सुमारे नऊ फुटांची पितळी नळी, वेटोळे घालून कडेवर घेतलेली. तिसऱ्याच मिनिटाला त्याचा सूर फाटला. मास्तर मला म्हणाले, “सर, पोरगं गुणाचं आहे, पण छातीत दम नाही. उद्यापासून झांजा देतो.”

झांजवाल्याची रोजी कमी. आणि त्या रोजीवर मुलाच्या परीक्षेची फी अवलंबून. तरी मी मान डोलावली. वर्गात मोठ्याने वाचतानाही तो मध्येच थांबे. दम नसावाच, असे मला वाटले.

शेजारच्या ओट्यावर लष्करी बँडमधून निवृत्त झालेले एक हवालदार चहा पीत होते. त्यांनी वाद्य मागून घेतले, माउथपीस उपसला आणि त्याच्या दांडीभोवती गुंडाळलेली वर्तमानपत्राची पट्टी माझ्या हातात ठेवली. “दांडी बारीक, भोक मोठं. सर, हा बारीक ट्रॉम्बोनचा माउथपीस आहे. पोराचा दम छातीत नाही, या फटीत सरतोय.”

मग त्यांनी एकेक वाद्य दाखविले. माउथपीस बसतो ती पहिली नळी म्हणजे लीडपाइप. ट्रॉम्बोनमध्ये ती सरकत्या दांड्याच्या आत लपलेली, जेमतेम वीतभर. आधी आवळते, मग उघडते. युफोनियमची उघड्यावर दिसते, आणि कळांकडे जाताना रुंदावते. तिचे तोंडही सर्वत्र सारखे नसते. बारीक, मध्यम, मोठे अशा तीन मापांचे युफोनियम निघतात. अठरा फुटी ट्यूबाची नळी त्याहून ऐसपैस. अंगाभोवती घालायच्या सूझाफोनची तर मानेसारखी वाकविलेली आणि सुटी, काढता-घालता येणारी. नळी अरुंद असली, तर फुंकणाऱ्याला अडसर जाणवतो, पण सुराला आधार मिळतो. रुंद असली, तर आवाज मोकळा, पण श्वास भराभर संपतो.

चार दिवसांनी योग्य दांडीचा माउथपीस आला. मुलगा तोच, छाती तीच. पण सूर असा भरून आला, की मास्तरांनी झांजा मुकाट्याने पेटीत ठेवल्या.

लोक चकचकीत कर्णा पाहतात, वाचकहो, आणि आवाज बिघडतो तोंडापाशी. मी तरी इतकी वर्षे वर्गात दुसरे काय केले?

सोमवारी तो वाचताना पुन्हा अडखळला. या वेळी मी ‘पुढे!’ म्हणालो नाही. त्याच्या बाकापाशी गेलो. पुस्तक त्याने जवळजवळ नाकाला लावले होते.