लहान हादऱ्यांनी मोठे संकट टळते काय?

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे हादरे जाणवू लागले. धुंदलवाडी परिसरातील आदिवासी बांधवांनी थंडीच्या कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चार रिश्टरहून थोडा मोठा धक्का बसला, तेव्हा घाबरून बाहेर धावताना पडून एका दोन वर्षांच्या बालिकेचा मृत्यू झाला. अशा वेळी एक दिलासा हमखास ऐकू येतो : लहान धक्क्यांनी जमिनीतील ताण निघून जातो, म्हणजे मोठ्या भूकंपाचे भय उरत नाही. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

भूगर्भातील खडकाला तडा जाऊन त्याच्या दोन्ही बाजू सरकल्या असतील, तर त्या जागेला प्रस्तरभंग म्हणतात. या बाजू घर्षणामुळे एकमेकींना घट्ट धरून असतात. भूपट्टांच्या संथ रेट्याने भोवतालचा खडक वर्षानुवर्षे किंचित वाकत राहतो. ताण घर्षणापेक्षा वरचढ झाला की एका लहानशा जागी घसरण सुरू होते. प्रयोगशाळेतील प्रयोगांत ती प्रथम संथ असते. विशिष्ट मर्यादेपलीकडे पसरताच ती सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावत सुटते.

यात पाण्याचाही वाटा असू शकतो. फटींतील पाण्याचा दाब वाढला की दोन्ही बाजूंची पकड सैल होते. भूकंपाची ऊर्जा पाणी आणत नाही. ती खडकात आधीच साठलेली असते. कोयनेचा जलाशय १९६२ पासून भरू लागल्यावर तेथे हादरे सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरच्या भूकंपात सुमारे १८० जणांचा बळी गेला. डहाणूच्या हादऱ्यांबाबतही काही शास्त्रज्ञांनी खडकात मुरलेल्या पाण्याकडे बोट दाखविले आहे.

आता दिलाशाचा हिशेब पाहू. रिश्टर मापनात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजे सहा रिश्टरच्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडण्यासाठी चार रिश्टरचे सुमारे एक हजार धक्के बसावे लागतील! शिवाय एका जागी सुटलेला ताण शेजारच्या खडकावर पडू शकतो. किल्लारी परिसरात १९९२ मध्ये लहान धक्के बसले होते. तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली.

याचा अर्थ डहाणूत मोठा भूकंप होणारच, असा मुळीच नाही. अशा हादऱ्यांच्या बहुतेक मालिका मोठ्या भूकंपाविना शमतात. मात्र कोणती मालिका शमेल आणि कोणती घसरण वाढत जाईल, हे आधी सांगण्याचे साधन आज कोणत्याही शास्त्रज्ञापाशी नाही. म्हणून तारखा वर्तविणाऱ्या अफवांवर जसा विश्वास ठेवू नये, तसाच या दिलाशावरही विसंबू नये.

किल्लारीत माती-दगडाच्या जाड भिंती व जड छपरे यांखाली झोपेतच माणसे गाडली गेली. घसरण केव्हा सुरू व्हावी, हे आपल्या हाती नाही. घर कसे बांधावे, हे आहे. भिंतींना चहूबाजूंनी जोडणारे काँक्रीटचे पट्टे, हलके छप्पर आणि तडे गेलेल्या भिंतींची वेळेवर दुरुस्ती यांनी जीव वाचतात. आपल्या धर्मग्रामांतील शाळा, वसतिगृहे व सभागृहे यांची जाणकार अभियंत्याकडून तपासणी करून घेण्यास पुढचा धक्का बसेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.