लहान लेकराची पिशवी आणि वावराची घाई

मागल्या हंगामात हरभऱ्यातल्या घाटेअळीसाठी कामगंध सापळे घेऊन आमच्या मंडळातल्या एका गावी गेलो होतो. पारावर खोकं उघडतोय, तोच एक तरुण शेतकरी मोटारसायकलवरून आला. छातीवर पट्ट्यांची निळी पिशवी बांधलेली आणि तिच्यात वीस दिवसांचं लेकरू. म्हणाला, "साहेब, सापळ्याचं मागून बघू. आधी ही पिशवी बघा. मोबाईलवरून मागवली, चौदाशेची. चांगली आहे ना?"

मी वाकून बघितलं. टोपड्याखाली बाळाची हनुवटी पार छातीत रुतलेली, नाक कापडाला टेकलेलं, पाय खाली लोंबकळत होते. वजन विचारलं. "जन्मताना एक किलो नऊशे होतं, आता दोनच्या वर आहे."

म्हणलं, भाऊ, गाडी बंद कर आणि आधी लेकरू बाहेर काढ.

शेतीच्या पानावर बाळाची पिशवी कुठून आली, असं काही वाचकांना वाटेल. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. माझी धाकटी मुलगी आठव्या महिन्यातच झाली, १ किलो ८५० ग्रॅमची. दवाखान्यातून घरी आणली आणि मी हौसेनं तालुक्याच्या दुकानातून पिशवी आणली. चौथ्या दिवशी तिला त्यात घालून अंगणात फिरत होतो. मला वाटलं शांत झोपली. बायकोनं टोपडं सारून बघितलं तर ओठ निळसर! बाहेर काढून मान सरळ केली, पाठ चोळली, तेव्हा रडली. ते रडणं अजून कानात आहे. तसंच उचलून दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं मला खाली बसवून समजावलं. एवढ्याशा बाळाच्या मानेत जोर नसतो, डोकं जड असतं. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची नळी दबते. मला ते लगेच पटलं. ठिबकची बारीक नळी मुरगळली की झाडाला पाणी बंद. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही, झाड सुकल्यावर कळतं.

आपण कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण बघतो, किती लिटर पाण्याला किती मिली ते वाचतो. निदान वाचावं, असं मी तरी प्रत्येक सभेत सांगतो. मग पिशवीवरची चिठ्ठी का वाचत नाही? बाजारातल्या अनेक पिशव्यांवर कमीत कमी साडेतीन किलो किंवा त्याच्या आसपासचं वजन लिहिलेलं असतं. अडीच किलोच्या आतलं बाळ म्हणजे कमी वजनाचं बाळ. त्याच्यासाठी ती पिशवी बनवलेलीच नसते. बापाच्या मापाची चप्पल पोराला घातल्यासारखं ते होतं. अमेरिकेत तर मार्च २०१० मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं झोळीसारख्या पिशव्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. आधीच्या वीस वर्षांत किमान १४ बाळं दगावल्याचं त्यांनी सांगितलं, आणि त्यातली १२ चार महिन्यांच्या आतली होती.

मग बाळाला न्यायचं कसं? याचं उत्तर चौदाशे रुपयांचं नाही. १९७८ साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. पुढं भारतासह पाच देशांत अभ्यास झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मल्याबरोबर असं छातीशी ठेवलं, तर आधी तब्येत स्थिर होण्याची वाट बघण्यापेक्षा मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. जागतिक आरोग्य संघटना दिवसातले आठ ते चोवीस तास असं ठेवायला सांगते. वासरू जन्मलं की आपण त्याला पुसून गाईच्या तोंडाशी सरकवतो. मग माणसाच्या पोराला वेगळ्या पिशवीत का टाकायचं?

कापड म्हणाल तर मीटरभर लांब-रुंद, धुऊन मऊ झालेलं सुती. आजीचं जुनं लुगडं असेल तर उत्तमच. ते तिरपं दुमडून घ्यायचं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. ते आईच्या दोन्ही स्तनांच्या मधे उभं ठेवायचं, तोंड एका बाजूला, मान किंचित वर. पाय बेडकासारखे फाकलेले आणि दुमडलेले. सरळ आवळून बांधले तर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. कापडाची वरची कड बाळाच्या कानाच्या खाली यावी आणि गाठ पक्की असावी. आई उभी राहिली तर बाळ घसरता कामा नये, पण पोट हलायला जागा हवी. तोंड कायम डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. वरून आईचा पदर किंवा शाल. आई थकली तर बापानं शर्टाची बटणं काढून बसावं. मी बसलोय, मिशी आडवी येत नाही.

मात्र फवारणी करून आलेल्या माणसानं साबणानं अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय बाळाला हात लावू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं धडधाकट माणसं मेली, मग दोन किलोच्या जिवाचं काय! खताच्या किंवा बियाण्याच्या रिकाम्या पोत्याची झोळी केलेली मी कापूस वेचणीच्या वावरात डोळ्यांनी बघितली आहे. बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते पोतं धुतलं तरी बाळासाठी नको म्हणजे नको.

आणि झोळी? तिला नावं ठेवायची नाहीत, आपण सगळे तिच्यातच वाढलो. पण मान न धरणारं, कमी वजनाचं पोर झोळीत टाकलं की पाठ धनुष्यासारखी वाकते आणि हनुवटी छातीवर येते. शिवाय ती बांधलेली असते बांधावरच्या बाभळीला आणि आई असते दहा तासं पुढं.

इथं खरं दुखणं आहे. त्या पोराला मी विचारलं, पिशवी कशाला घेतली रे? तो खाली बघून म्हणाला, "तुरीचं काम निघालंय साहेब. मजूर मिळत नाही. म्हणलं, ही लेकरू बांधून येईल." शेजारी त्याची आई होती. ती म्हणाली, "आम्ही बाराव्या दिवशी गेलो होतो वावरात." मी म्हणलं, आजी, गेला होतात, पण तुमची किती लेकरं जगली? आजी काही बोलल्या नाहीत. मला तसं विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. बाईची मजुरी बुडते, तिला विसावा मिळावा, हाच त्याचा हेतू आहे. रक्कम थोडी आहे, मान्य. पण ती पिशवीत किंवा मोबाईलच्या हप्त्यात घालवून बाईला वावरात न्यायचं, हे मला पटत नाही. बाळ अडीच किलोचं होईपर्यंत तिला वावरात बोलावू नये, हे घरातल्या कर्त्या माणसानं ठरवायचं आहे. तुरीच्या चार ओळी उशिरा निघतील.

सरपंचांना एक सुचवतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून मऊ सुती कापडाचा एक तागा घ्या, तुकडे करून आशाताईंकडे ठेवा. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्या तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येतात. कापड कसं बांधायचं ते त्याच दाखवतील. बाळ गार लागलं, दूध ओढेनासं झालं, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाला, तर मात्र कापडावर भरवसा न ठेवता लगेच १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. मोटारसायकलवर छातीला बांधून तर मुळीच नाही.

परवा त्याच गावात पुन्हा गेलो. तो ओट्यावर उघड्या अंगानं बसला होता, लुगड्याच्या फडक्यात लेकरू छातीशी. आशाताईंनी आदल्या दिवशी वजन केलं होतं, २ किलो ३५० ग्रॅम. निळी पिशवी खुंटीला होती, तिच्यात आजींनी लसूण ठेवला होता. सापळे मात्र त्यानं अजून लावलेले नाहीत.